काळा गंज, लाल गंज: जुन्या पिस्तुलाच्या निळ्या रंगामागचं रसायन



खंडेनवमीला शस्त्रं आणि अवजारं पुसायची, तेलाचा हात फिरवायचा आणि पूजेला मांडायची, ही आपली जुनी पद्धत. इथे मॉरिसव्हिलमध्ये बहुतेक घरांत त्या दिवशी पाटावर लॅपटॉप, गाडीची किल्ली आणि गराजमधला पान्यांचा डबा असतो. पण अमेरिकेत पंचवीस-तीस वर्षं काढलेल्या काही मराठी घरांत आता खरीखुरी शस्त्रंही आहेत. कुणी इस्टेट सेलमध्ये जुनं रिव्हॉल्व्हर घेतलेलं असतं, कुणाच्या अमेरिकन सासऱ्यांनी युद्धातलं पिस्तूल जावयाच्या हवाली केलेलं असतं. मग एक प्रश्न हमखास येतो: "यावरचा गंज काढून घरच्या घरी पुन्हा नव्यासारखं काळंभोर करता येईल का? व्हिडिओत तर अर्ध्या तासात होतं!"

धातूंच्या पृष्ठभागांवर काय घडतं हा माझ्या संशोधनाचा विषय असल्यामुळे हा प्रश्न माझ्यापर्यंत पोचतो. उत्तर "हो" किंवा "नाही" असं एका शब्दात देता येत नाही. ते नीट समजायला आधी एक गंमत समजून घ्यावी लागते: बंदुकीवरचा तो सुंदर निळा-काळा रंग हा रंग नाहीच, तो गंज आहे.

गंज लागतो म्हणजे नेमकं काय होतं?

लोखंडी तवा घासून ओलाच ठेवला तर सकाळी त्यावर नारिंगी डाग दिसतात. या डागामागे एक छोटी बॅटरी असते. पाण्याच्या थेंबाखाली लोखंडाचे काही अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात. ते इलेक्ट्रॉन धातूतून थेंबाच्या कडेकडे जातात, कारण तिथे हवेतला ऑक्सिजन सहज मिळतो. ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन घेतो, आणि मधल्या जागेत दोघांची गाठ पडून गंज तयार होतो. केंब्रिजच्या यू. आर. इव्हान्स यांनी मिठाच्या पाण्याच्या एका थेंबात ही सगळी रचना रंग बदलणाऱ्या रसायनांनी दाखवून दिली होती. आजही तो प्रयोग 'इव्हान्सचा थेंब' म्हणून शिकवतात.

यातून तीन गोष्टी कळतात. एक, गंजाला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. दोन, मीठ असेल तर पाण्यातून वीज सहज वाहते आणि ही बॅटरी जोरात चालते. घामट बोटांचा ठसा पोलादावर महिन्याभरात 'उगवतो' तो यामुळेच. तीन, पाणी डोळ्यांना दिसायलाच हवं असं नाही. हवेची आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की धातूवर पाण्याचा अतिशय पातळ थर बसतो आणि गंजण्याचा वेग एकदम वाढतो. आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळची आर्द्रता सहज ऐंशीच्या वर असते. त्यामुळे घराखालच्या क्रॉलस्पेसमध्ये किंवा एसी नसलेल्या गराजमध्ये लोखंड ठेवणं म्हणजे जुलै महिन्यात ते कोकणात ठेवण्यासारखंच आहे.

दोन भाऊ: लाल आणि काळा

लाल गंजात लोखंडाच्या ऑक्साइडबरोबर पाणीही अडकलेलं असतं. तो मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतो, म्हणून फुगतो, भेगाळतो आणि पोपडे धरून सुटतो. पोपडा निघाला की खालचं नवं लोखंड उघडं पडतं आणि पुन्हा तेच चक्र. लाल गंज थांबत नाही याचं कारण हेच.

काळ्या गंजाचं नाव मॅग्नेटाइट. याच्या सूत्रात लोखंडाचे तीन आणि ऑक्सिजनचे चार अणू असतात. तो धातूला घट्ट चिकटून, बारीक आणि दाट थरात वाढू शकतो. बंदुकीवर 'ब्लूइंग' करतात म्हणजे पोलादाच्या वरच्या थराचं मुद्दाम मॅग्नेटाइटमध्ये रूपांतर करतात. हा थर साधारण एक मायक्रॉन जाडीचा असतो. आपला केस त्याच्या सत्तर-ऐंशी पट जाड असतो!

इथे कल्हईची आठवण होणं साहजिक आहे, पण फरक महत्त्वाचा आहे. कल्हई म्हणजे पितळेवर बाहेरून चढवलेला कथलाचा थर. ब्लूइंगमध्ये बाहेरून काही चढत नाही, त्याच लोखंडाचं वेष पालटलेलं रूप वर येतं. त्यामुळे पिस्तुलाचं माप बदलत नाही आणि एकमेकांवर सरकणारे भाग अडकत नाहीत. मात्र इतक्या पातळ थराला सूक्ष्म छिद्रं असतात. म्हणून त्यावर तेल हवंच. कोरडं ब्लूइंग म्हणजे तेल न मुरवलेला बिडाचा तवा.

रंग आणायच्या चार रीती

पहिली, सर्वांत जुनी: गंजवून उकळणं. स्वच्छ, तेलकटपणा अजिबात नसलेल्या पोलादावर सौम्य आम्लाचं द्रावण लावून दमट जागी ठेवायचं आणि मुद्दाम बारीक लाल गंज येऊ द्यायचा. मग तो भाग स्वच्छ पाण्यात उकळायचा. उकळत्या पाण्यात ऑक्सिजन फार कमी असतो, आणि तिथे लाल गंजाचं मॅग्नेटाइट होतं. तांबूस मखमल डोळ्यांदेखत काळी पडते! वरचा सुटा थर तारेच्या मऊ ब्रशने काढायचा आणि हे सगळं पुन्हा करायचं, पाच-सात-दहा वेळा. हीच कृती उकळल्याशिवाय केली तर तपकिरी रंग येतो. जुन्या ठासणीच्या बंदुकांच्या नळ्या तशाच तपकिरी असत.

दुसरी, कारखान्यातली: गरम क्षारांचं ब्लूइंग. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटचं अतिशय घट्ट द्रावण सुमारे १४० अंश सेल्सियसला तापवून त्यात भाग बुडवतात. पाणी शंभर अंशाला उकळतं, मग हे १४० कसं? पाण्यात काही विरघळलं की त्याचा उत्कलनबिंदू वाढतो. भातात टाकलेल्या चिमूटभर मिठाने तो नावापुरता वाढतो. इथे लिटरमागे किलोच्या हिशोबात क्षार असतो. रंग अर्ध्या तासात येतो, एकसारखा येतो. पण त्या टाकीत थोडं पाणी चुकीच्या पद्धतीने पडलं तर त्याची क्षणात वाफ होऊन उकळता कॉस्टिक चेहऱ्यावर उडतो. ॲल्युमिनियमचा भाग चुकून गेला तर तो विरघळतो आणि हायड्रोजन वायू सुटतो. जोडनळीच्या जुन्या बंदुकांच्या नळ्या मऊ डाकाने जोडलेल्या असतात, तो डागही यात विरघळतो. म्हणून त्यांना पहिलीच रीत लागते. स्वयंपाकघरात किंवा गराजमध्ये ही दुसरी रीत करू नये, हे मी अगदी स्पष्ट सांगते.

तिसरी, बाटलीतली: थंड ब्लूइंग. व्हिडिओतलं अर्ध्या तासाचं काम ते हेच. यात मॅग्नेटाइट तयार होत नाही. द्रावणातल्या तांब्याच्या आणि सेलेनियमच्या क्षारांपासून एक काळं संयुग पृष्ठभागावर बसतं. एखादा ओरखडा झाकायला ठीक, पण ते लवकर झिजतं आणि गंजापासून फारसं वाचवत नाही. सेलेनियमची संयुगं विषारी असतात: हातमोजे, चष्मा, मोकळी हवा हवी, आणि उरलेलं द्रावण सिंकमध्ये ओतायचं नाही, घातक कचऱ्याच्या केंद्रावर द्यायचं.

चौथी: तापवून रंग आणणं. चकचकीत पोलाद हवेत तापवलं की सव्वादोनशे अंशांच्या आसपास गवती पिवळा, मग जांभळा आणि तीनशेच्या सुमारास मोरपंखी निळा रंग येतो. हा ऑक्साइडच्या अतिपातळ थरावर प्रकाशलहरींच्या व्यतिकरणाचा खेळ आहे, साबणाच्या फुग्यावर दिसतो तसा. घड्याळाचे निळे काटे आणि स्क्रू असेच होतात. पण पाणी दिलेलं पोलाद तापवलं की त्याचा कठीणपणा उतरतो. स्क्रूला चालेल, ज्या भागाला स्फोटाचा दाब सोसायचा आहे तो भाग बर्नरवर कधीही धरू नये.

पृष्ठभागावरून पिस्तुलांची तुलना

पिस्तुलांची तुलना म्हटलं की लोक गोळीचा आकार आणि अचूकता यांवर बोलतात. आपण ती कातडीवरून करू. गेल्या दीडशे वर्षांचा धातुशास्त्राचा इतिहास त्यात दिसतो.

सुरुवात आपल्या गावापासूनच करता येते. १३ ते १५ एप्रिल १८६५ या दिवसांत मॉरिसव्हिलच्या रेल्वे स्टेशनाजवळ अमेरिकी यादवी युद्धातल्या शेवटच्या घोडदळाच्या चकमकींपैकी एक झाली. त्यानंतर २६ एप्रिलला इथून जवळच, डरहॅमच्या बेनेट प्लेसला जनरल जॉन्स्टनने शरणागती पत्करली. त्या काळच्या उत्तरेच्या घोडेस्वाराकडे बहुधा १८६० चं कोल्ट आर्मी किंवा रेमिंग्टन रिव्हॉल्व्हर असे. दोन्ही .४४ ची, दोन्ही सहाबारी. कोल्ट वरून उघडं. रेमिंग्टनच्या चक्राच्या वरून पोलादाची पट्टी गेलेली, म्हणून सांगाडा जास्त भक्कम. कोल्टची नळी निळी, पण सांगाड्यावर ढगाळ रंगीत छटा असत. तो भाग हाडांच्या कोळशात पुरून भाजत, त्यामुळे वरच्या कातडीत कार्बन शिरून ती कठीण होई आणि रंग ओघाने येत.

दक्षिणेकडे लोखंड-पोलादाची टंचाई होती. जॉर्जियातल्या ग्रिसवोल्डच्या कारखान्यात कोल्टचीच नक्कल होई, पण सांगाडा पितळेचा. सुमारे साडेतीन हजार रिव्हॉल्व्हर झाली आणि नोव्हेंबर १८६४ मध्ये उत्तरेच्या सैन्याने तो कारखाना जाळला. पितळ लाल गंज धरत नाही, पण पोलादापेक्षा मऊ असतं. नाइलाजाने निवडलेल्या धातूमुळेही एखाद्या शस्त्राची ओळख ठरते ती अशी.

या सगळ्यांत काळी दारू वापरत. जळाल्यावर तिच्यातून पोटॅशियमचे क्षार उरतात आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतात. संध्याकाळी साफ न केलेली नळी सकाळी गंजलेली मिळे. पुढच्या काळातल्या बऱ्याच लष्करी काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे, त्यातून मिठासारखाच पोटॅशियम क्लोराइड मागे राहतो. हा क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून जुनी काडतुसं वापरल्यावर नळी आधी गरम पाण्याने धुवायची, मग कोरडी करून तेल लावायचं. बंदूक पाण्याने धुणं ऐकायला विचित्र वाटतं, पण रसायनशास्त्र तेच सांगतं.

विसाव्या शतकाच्या तोंडावर धूरविरहित दारू आली, नळीत घाण कमी साचू लागली आणि स्वयंचलित पिस्तुलं व्यवहार्य झाली. या पिढीचा मोठा शिल्पकार जॉन ब्राउनिंग. मराठी वाचकाला हे नाव वेगळ्या संदर्भात माहीत असतं. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या लंडनहून आलेल्या ब्राउनिंग पिस्तुलातून. दोनच वर्षांत, १९११ मध्ये, त्याच ब्राउनिंगचं पिस्तूल अमेरिकी सैन्याने स्वीकारलं: प्रसिद्ध एम १९११.

हे पिस्तूल सुरुवातीला ब्लूइंग केलेलं असे. दुसऱ्या महायुद्धातलं त्याचं रूप मात्र मंद राखाडी-हिरवट दिसतं, कारण त्यावर 'पार्करायझिंग' आहे. फॉस्फेटच्या गरम द्रावणात पोलादावर बारीक स्फटिकांचा खरखरीत थर येतो, चमकत नाही आणि स्पंजासारखं तेल धरून ठेवतो. फॉस्फेट लोखंडाला वाचवतं हे आपल्याला अनोळखी नसावं. दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षं टिकला त्याचं मोठं श्रेय त्याच्या लोखंडातल्या भरपूर फॉस्फरसला आणि त्यातून पृष्ठभागावर तयार झालेल्या फॉस्फेटच्या थराला दिलं जातं.

पुढे १९६५ मध्ये स्मिथ अँड वेसनचं मॉडेल ६० आलं, स्टेनलेस पोलादाचं पहिलं रिव्हॉल्व्हर. किमान साडेदहा टक्के क्रोमियम असलं की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा थर आपोआप तयार होतो आणि ओरखडा पडला तरी लगेच भरून येतो. आणि १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने निवडलेल्या ग्लॉकमध्ये सांगाडा प्लास्टिकचा, तर पोलादी भागाच्या कातडीत नायट्रोजन आणि कार्बन मुरवलेले.

म्हणजे क्रम बघा: आधी गंजालाच कामाला लावलं, मग तेल धरणारी कातडी दिली, मग स्वतःला बरं करणारा धातू आणला, आणि शेवटी जिथे जमेल तिथून धातूच काढून टाकला.

मग घरी करायचं की नाही?

हात लावण्याआधी चार गोष्टी तपासा.

*पहिली: ते तुमच्याकडे असणं कायदेशीर आहे का?* एच-१बी, एच-४, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्यांना अमेरिकी संघराज्याच्या कायद्याने बंदूक किंवा काडतुसं बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण त्यांचा अर्थ वकिलाकडून समजून घ्यावा. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी नाही. १८९८ किंवा त्याआधी बनलेल्या शस्त्रांना 'अँटीक' म्हणून वेगळे नियम आहेत. "मित्राचं पिस्तूल फक्त साफ करायला घरी आणलं" एवढ्यानेही व्हिसावरचा माणूस अडचणीत येऊ शकतो. आणि घरात मुलं असतील तर लक्षात ठेवा: भरलेली बंदूक मुलाच्या हाती लागेल अशी ठेवली आणि मुलाने ती वापरली, तर नॉर्थ कॅरोलिनात तो ठेवणाऱ्याचा गुन्हा ठरतो.

*दुसरी: ते रिकामं आहे का?* जुन्या ठासणीच्या शस्त्रांत दीडशे वर्षांपूर्वीची दारू अजून असू शकते, आणि कोरडी राहिली असेल तर ती पेट घेते. जाणकार गनस्मिथकडून आधी खात्री करून घ्या.

*तिसरी: ते आहे तरी काय?* संग्राहकांच्या जगात मूळ रंगाच्या, जरी तो झिजलेला असला तरी, शस्त्राची किंमत नव्याने रंगवलेल्यापेक्षा बरीच जास्त असते. पैशांचं सोडा. झिजलेल्या जागा सांगतात की ते कमरेच्या कोणत्या बाजूला, कसल्या म्यानात राहिलं. सॅण्डपेपरने ती माहिती पुसली जाते आणि परत येत नाही. त्यात अनुक्रमांक पुसला गेला तर प्रकरण गंभीर होतं, कारण अनुक्रमांक नष्ट केलेली बंदूक बाळगणं हा संघराज्याचा गुन्हा आहे.

*चौथी: तुम्हाला ते चालवायचं आहे का?* रंग आला म्हणून ताकद येत नाही. गंजाने पडलेले खड्डे घासून सपाट केले म्हणजे नळीची भिंत तेवढी पातळ झाली. वरून नवं दिसणारं आणि आतून कमजोर शस्त्र हे गंजक्या शस्त्रापेक्षा धोक्याचं, कारण ते विश्वास ठेवायला लावतं.

या चारही चाळण्यांतून गेल्यावर बहुतेकदा उरतं ते काम साधं आहे: गंज थांबवा, इतिहास राहू द्या. हलकं तेल लावून रात्रभर मुरू द्या. दुसऱ्या दिवशी सुती फडक्याने, आणि लागलंच तर सर्वांत बारीक स्टील वूलने तेलातच, अगदी हलक्या हाताने लाल गंज तेवढा उचला. काळा-तपकिरी घट्ट थर राहू द्या, तो राखणदार आहे. जुन्या शस्त्रावरच्या धुळीत शिसं असू शकतं, म्हणून हातमोजे घाला, जेवणाच्या टेबलावर काम करू नका आणि नंतर हात नीट धुवा. शेवटी मेणाचा पातळ हात द्या आणि कोरड्या, कुलूपबंद जागी ठेवा. चामड्याच्या म्यानात कायमचं ठेवू नका. चामडं ओल धरतं.

टाळायच्या गोष्टीही स्वयंपाकघरातूनच येतात. चिंच, लिंबू, व्हिनेगर यांनी तांब्या-पितळेची भांडी लखलखतात, पण त्यांतलं आम्ल लाल गंजाबरोबर काळा मॅग्नेटाइटही विरघळवतं. जिथे लावाल तिथे पांढरा, उघडा डाग पडेल आणि आठवड्यात तो गंजेल. कडक पोलादाच्या स्प्रिंगा आम्लात ठेवल्या तर धातूत हायड्रोजन शिरून त्या ठिसूळ होतात. निकेलचा मुलामा असेल तर अमोनिया असलेली द्रावणं टाळा; मुलाम्याखाली तांब्याचा थर असेल तर अमोनिया त्याला खातो आणि वरचा निकेल सुटतो.

ब्लूइंग करूनच बघायचं असेल, तर दुकानातून एक साधी पोलादी पट्टी आणा आणि गंजवून उकळायची रीत तिच्यावर करा. शाळकरी मुलांबरोबर, चष्मा आणि हातमोजे घालून करण्यासारखा तो सुंदर प्रयोग आहे. लाल थर उकळत्या पाण्यात काळा होताना मुलांनी एकदा पाहिला की ऑक्सिडेशन हा शब्द पाठ करावा लागत नाही.

गावच्या ट्रंकेतली तलवार

बंदुकीबद्दलचं हे सगळं आजोबांच्या तलवारीलाही लागू आहे, किंबहुना जास्तच. आपल्याकडच्या जुन्या पात्यांपैकी काही वुट्झ पोलादाची असतात. त्यांच्यावरची पाण्याच्या लाटांसारखी नक्षी पोलादातल्या कार्बाइडच्या रांगांमधून दिसते. काही 'फिरंग' असतात, म्हणजे युरोपातून आलेलं सरळ पातं आणि आपल्याकडची मूठ. मुठीवर सोन्याचं कोफ्तगारी काम असेल तर ते केसाइतक्या तारांचं असतं. ग्राइंडरचं एक चाक दहा मिनिटांत हे सगळं पुसून टाकतं.

आणि हो, ती तलवार बॅगेत घालून इकडे आणायचा विचार असेल तर थांबा. भारताच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. तिची जागा गावीच आहे. तिकडच्या मंडळींना फोन करून एवढंच सांगा: यंदा खंडेनवमीला तिला चिंच लावू नका, रांगोळीने घासू नका. कोरडं फडकं, तेलाचा हलका हात, आणि झेंडूचं फूल पात्यावर ठेवलं असेल तर संध्याकाळी आठवणीने उचला. फुलातलं पाणी रात्रभर पोलादावर राहिलं की काय होतं, ते आता तुम्हाला माहीत आहे.